लेडहिल्स येथील शिशाच्या खाणी व खाणकऱ्यांचें ग्रंथालय

जुन्या कागदांच्या शोधास निघालेला मनुष्य प्रथम वाडे धुंडाळतो, मग देवस्थानें, मग सरकारी दप्तरें. मजुरांच्या वस्तींत कांहीं सांपडेल अशी अपेक्षा सहसा कोणी ठेवीत नाहीं; आम्हींही पुष्कळ वर्षें ठेविली नव्हती. स्कॉटलंडच्या दक्षिण भागांतील एका डोंगरी गांवाची हकीकत वाचीत असतां ही समजूत किती अपुरी आहे तें आमच्या ध्यानांत आलें. लेडहिल्स हें त्या गांवाचें नांव. त्याचा अर्थच मुळीं ‘शिशाच्या टेंकड्या’ असा. या टेंकड्यांतून जवळजवळ सातशें वर्षें, मधून मधून खंड पडत कां होईना, शिसें निघत होतें. आज तेथें खाण चालत नाहीं कीं भट्टी पेटत नाहीं. परंतु सन १७४१ मध्यें वर्गणी काढून स्थापन केलेलें खाणकऱ्यांचें ग्रंथालय आहे, आणि त्याच्या कपाटांत जुन्या पुस्तकांबरोबर खाणींच्या ठेक्यांच्या वह्याही आहेत. वर्गणीवर चालणारें असें याहून जुनें ग्रंथालय ब्रिटनांत दाखवितां येत नाहीं, असें तज्ज्ञ म्हणतात. तें कोणी उभारलें याविषयीं तीन मतें आहेत. त्यांपैकीं कोणतें ग्राह्य, याचा निर्णय आमच्या मतें ग्रंथालयाच्या भिंतींकडे पाहून होत नाहीं. त्यासाठीं खाणींत उतरावें लागतें.

प्रथम स्थळाविषयीं. लेडहिल्स हें लॅनार्कशायर परगण्याच्या दक्षिण टोंकास लोथर डोंगरांत समुद्रसपाटीपासून सुमारें १३०० फुटांवर वसलेलें आहे. डोंगराच्या पलीकडे, डम्फ्रीसशायरच्या हद्दींत, वॉनलॉकहेड हें दुसरें खाणींचें गांव आहे. त्याची उंची १५०० फुटांहून थोडी अधिक असून स्कॉटलंडांत त्याहून उंचावर गांव नाहीं. पुणें शहरच १८०० फुटांवर असल्यामुळें सह्याद्रीच्या रहिवाशास या उंचीचें कौतुक वाटूं नये. परंतु तेथील अक्षांश ५५ आहे. झाडी विरळ, गव्हाचें पीक नाहीं, हिवाळ्यांत बर्फानें वाटा बुजून जातात. अशा जागीं मनुष्यानें घर बांधावें असें जमिनीवर कांहींच कारण नव्हतें. जें होतें तें जमिनीखालीं.

या मुलखाची पहिली कीर्ति मात्र शिशाची नसून सोन्याची. ओढ्यांच्या वाळूंत सोन्याचे कण सांपडत, आणि पांचव्या जेम्स राजाच्या कारकीर्दींत सन १५४० मध्यें स्कॉटलंडचा राजमुकुट नव्यानें घडविला गेला त्यांत देशचें सोनें घातलें होतें. पुढें बेव्हिस बुल्मर नांवाच्या इंग्रजानें येथें सोन्याचा मोठा उद्योग मांडला. त्याच्या परिचयांतील स्टीफन अॅटकिन्सन यानें सन १६१९ मध्यें या सोन्याच्या खाणींचा वृत्तान्त लिहून ठेविला. तो दोनशें वर्षें हस्तलिखितांतच राहिला व सन १८२५ मध्यें एडिंबरोच्या बॅनटाइन क्लबानें छापला. हस्तलिखित जुनें म्हणून त्यांतील प्रत्येक वाक्य प्रमाण मानण्याचा मोह अनेकांस झाला आहे. अॅटकिन्सन हा राजाकडून खाणींसाठीं आश्रय मिळविण्याच्या खटपटींत होता. तेव्हां त्याच्या लेखणींतून उतरलेलें सोनें ओढ्यांतल्या सोन्याहून थोडें अधिक असावयाचेंच. अर्जदाराचा कागद व हिशेबनीसाचा कागद एका तराजूंत घालूं नयेत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

शिशाचा पुरावा सोन्याहून जुना आहे. सन १२३९ च्या एका दानपत्रानें न्यूबॅटल येथील मठाच्या साधूंस या माळावरील शिशाचा हक्क मिळाला होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एडिंबरोचा टॉमस फाउलिस हा राजाचा सोनार व सावकार येथील खाणी चालवूं लागला. त्या घराण्याची वारसदार मुलगी अॅन फाउलिस हिचा विवाह सन १६३८ मध्यें जेम्स होप या वकिलाशीं झाला आणि खाणी होप घराण्याकडे आल्या. त्याचेच वंशज पुढें हॉपटाऊनचे अर्ल झाले. होप हा टिपणें ठेवणारा मनुष्य होता. त्याच्या रोजनिशीचे भाग छापलेले आहेत व ते वाचनीय आहेत. त्याच्या काळीं धातुपाषाण, म्हणजे ज्यांतून शिसें गाळावयाचें तो खनिज दगड, घोड्यांच्या पाठीवर लादून लीथ बंदरांत नेत व तेथून जहाजानें हॉलंडला पाठवीत. गाळण्याचा व्याप येथें वाढला तो नंतर.

अठराव्या शतकांत लंडनच्या भागीदारांच्या स्कॉट्स माइन्स कंपनीनें लेडहिल्स येथील मुख्य खाणी भाड्यानें घेतल्या व कारभारी म्हणून आणला तो एक गणिती. जेम्स स्टर्लिंग (१६९२–१७७०) याचें नांव गणिताच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. न्यूटनशीं त्याचा स्नेह होता, कांहीं वर्षें तो व्हेनिसला होता, व त्याचा मुख्य ग्रंथ सन १७३० मध्यें लॅटिन भाषेंत प्रसिद्ध झाला. असा मनुष्य सन १७३४ च्या सुमारास या ओसाड डोंगरांत येतो व आयुष्याचीं पुढील पसतीस वर्षें शिशाच्या हिशेबांत घालवितो, याचें पुष्कळांस नवल वाटतें. आम्हांस तितकें वाटत नाहीं. त्याचें घराणें स्टुअर्ट राजवंशाच्या बाजूचें असल्यामुळें विद्यापीठांचे दरवाजे त्याला बंदच होते, आणि पोट सर्वांसच आहे. त्यानें गणित मात्र वायां जाऊं दिलें नाहीं. पडत्या पाण्याच्या योगानें भट्टीस वारा घालणाऱ्या यंत्राचें वर्णन त्यानें सन १७४५ मध्यें रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. क्लाइड नदी बांध घालून खोल करतां येईल काय, याची पाहणी त्यानें ग्लासगो शहरासाठीं केली, तेव्हां शहरानें सन १७५२ मध्यें त्याला चांदीची चहाची किटली नजर केली. खाणकऱ्यांची पाळी त्याच्या अमदानींत सहा तासांची होती. त्या काळच्या मानानें ही गोष्ट लहान नव्हे.

आतां त्या ठेक्यांच्या वह्यांकडे वळूं. इंग्रजींत त्यांना ‘बार्गेन बुक्स’ म्हणतात. खाणकरी हा येथें रोजंदारीचा मजूर नव्हता. कांहीं असामी मिळून भागीदारी करीत आणि ही टोळी कंपनीच्या देखरेखदाराशीं ठराव करी. ठराव दोन प्रकारचा असे. जेथें नुसता दगड फोडून बोगदा पुढें न्यावयाचा किंवा विहीर खोल करावयाची, तेथें दर वांवास, म्हणजे सहा फुटांस, अमुक पैसे. जेथें शिशाची शीर लागलेली आहे, तेथें निघालेल्या व धुऊन साफ केलेल्या धातुपाषाणाच्या किंवा गाळलेल्या शिशाच्या वजनावर अमुक पैसे. शीर रुंद असेल तर दर कमी, अरुंद व कठीण असेल तर दर अधिक. म्हणून ठराव करतेवेळीं दोन्ही पक्ष दिवा घेऊन दगडाकडे निरखून पाहात, आणि दगडाच्या पोटांत पुढें काय आहे याचा अंदाज ज्याचा बरोबर ठरे तो जिंके. शीर पुढें फुगली तर टोळीचें वर्ष चांगलें जाई. आटली तर केलेले श्रम वायां. वही घेऊन बसल्यास कोणत्या टोळींत कोण होते, कोणत्या शिरेवर, कोणत्या दरानें, हें नोंदीमागून नोंद वाचीत जातां येतें. एखादा शिलालेख राजाचें नांव देतो. येथें मजुराचें नांव, त्याच्या कामाची जागा व त्याच्या श्रमाची किंमत एका ओळींत मिळते.

पूर्ण हिशेब बहुधा वर्षाकांठीं होई. तोंवर कुटुंबाच्या पोटासाठीं कंपनी उचल देई व धान्याचें पीठ आपल्या कोठारांतून पुरवी. वर्षाअखेर उचल वजा जातां हातीं कांहीं राही किंवा उलट देणें निघे. देणें निघालें कीं पुढील वर्षाचा ठेका त्याच कंपनीकडे घेणें प्राप्त होई. या व्यवस्थेचे गुण सांगणारे ही बाजू सांगत नाहींत, म्हणून आम्हीं येथें नमूद केली. तरी त्याबरोबर दुसरीही गोष्ट नमूद करणें न्याय्य आहे. खाणकऱ्यास डोंगरउतारावर स्वतःचें घर बांधण्याची व मेहनतीनें होईल तितकी पडीक जमीन लागवडीस आणण्याची मुभा होती. जमीन उमरावाची, परंतु घर व बटाट्याचा मळा बापाकडून मुलाकडे जाई.

खाणीबाहेरील काम निराळेंच होतें. वर आलेला दगड फोडून वाहत्या पाण्यांत धूत; शिसें जड म्हणून खालीं बसे, माती वाहून जाई. हें काम पोरें करीत व थंडींत त्यांचे हात फुटत. मग तें भट्टींत जाई. भट्टीच्या धुरांतून शिशाचें सूक्ष्म विष सर्वत्र पसरे. त्या रोगास खाणकरी ‘मिल-रीक’ म्हणजे भट्टीचा धूर म्हणत, व जेम्स विल्सन या शस्त्रवैद्यानें त्याचें वर्णन सन १७५४ मध्यें छापून प्रसिद्ध केलेलें आहे. पोटांत मुरडा, मलावरोध, हातपाय लुळे पडणें, भ्रम; हीं लक्षणें माणसांतच नव्हे तर आसपासच्या गुराढोरांतही दिसत. आमच्या वैद्यकांत शिशास ‘नाग’ हें नांव आहे व अशुद्ध नाग पोटांत जाऊं देऊं नये असा सक्त इशारा आहे; नांव देणाऱ्याला अनुभव असला पाहिजे. पुढें धूर लांबच लांब नळकांड्यांतून डोंगरावर नेऊन थंड करण्याची रीत निघाली. तिनें भट्टीजवळची हवा सुधारली, आणि धुरांतलें शिसें नळांच्या भिंतींवर बसून कंपनीस परत मिळूं लागलें. यांपैकीं कोणत्या लाभासाठीं नळ बांधले तें आम्ही सांगूं शकत नाहीं, पण तर्क करूं शकतों.

शिशांत थोडें रुपें असतें. कौटिल्यानें रुपें शुद्ध करण्यास त्याच्या चतुर्थांश शिसें घालण्यास सांगितलें आहे, म्हणजे या दोन धातूंचा संबंध आमच्याकडे फार पूर्वीं माहीत होता. परंतु पुष्कळ शिशांतून थोडकें रुपें परवडेल अशा खर्चांत काढण्याची युक्ति ह्यू ली पॅटिन्सन या इंग्रजानें सन १८३३ मध्यें पेटंट केली. वितळलेलें शिसें सावकाश निववावयाचें. प्रथम जे स्फटिक बनतात त्यांत रुपें कमी असतें. ते झाऱ्यानें उपसून काढीत गेलें कीं मागें राहिलेल्या रसांत रुपें दाट होत जातें, व शेवटीं जोराचा वारा घालून शिसें जाळून टाकलें कीं रुपें हातीं येतें. वॉनलॉकहेड येथें ही रीत वापरीत असत.

खाण जितकी खोल तितकें पाणी अधिक, आणि पाणी काढण्याचें यंत्र हें खाणीचें अर्धें आयुष्य. वॉनलॉकहेड येथें स्ट्रेटस्टेप्स या खाणीवर एकोणिसाव्या शतकांतील एक यंत्र अद्याप जागेवर उभें आहे. उंच दगडी खांबावर लांब तुळई. तिच्या एका टोंकास पंपाचा दांडा, दुसऱ्या टोंकास मोठी बादली. डोंगरावरील ओढ्याचें पाणी बादलींत भरलें कीं तिच्या वजनानें तें टोंक खालीं येतें, दांडा वर उचलला जातो व खाणींतलें पाणी उपसलें जातें; तळाशीं पोंचतांच बादली रिकामी होते व दांड्याच्या वजनानें पुन्हां वर जाते. न बैल, न कोळसा. आपल्या मोटेच्या विहिरीवर उभा राहिलेल्या कोणासही तें समजावून सांगण्यास दोन मिनिटें पुरतील. वाफेचीं यंत्रेंही या डोंगरांत आलीं, आणि त्यांच्या सहवासांतून एक मोठा मनुष्य निर्माण झाला. विल्यम सिमिंग्टन याचा जन्म लेडहिल्सचा, सन १७६४ चा. त्याचा भाऊ वॉनलॉकहेडच्या वाफेच्या यंत्रावर होता. त्यानें बनविलेल्या ‘शार्लट डंडास’ या आगबोटीनें सन १८०३ मध्यें फोर्थ व क्लाइडच्या कालव्यांतून सत्तर टनांचीं दोन गलबतें साडेएकोणीस मैल ओढून नेलीं. तरी तो सन १८३१ मध्यें लंडन येथें दारिद्र्यांत वारला. गांवानें त्याचा स्तंभ उभारला तो मागाहून.

लेडहिल्सच्या दफनभूमींतील एका शिळेविषयीं येथें थोडें विषयांतर करतों, कारण ती पाहण्यास लोक मुद्दाम जातात. रॉबर्ट टेलर या कंपनीच्या देखरेखदाराच्या थडग्यावर त्याचा बाप जॉन टेलर १३७ वर्षांचा होऊन वारला असें कोरलें आहे. जॉन टेलर सन १७७० मध्यें वारला. मग जन्म सन १६३३ च्या सुमाराचा धरावा लागतो. याला आधार काय, तर आपण पोरपणीं खाणीवर कामास असतां खग्रास सूर्यग्रहण पाहिलें असें तो सांगे, व स्कॉटलंडवर प्रसिद्ध खग्रास ग्रहण झालें तें सन १६५२ मध्यें. ग्रहण खरें, यांत शंका नाहीं. परंतु त्याच शिळेप्रमाणें मुलगा रॉबर्ट सन १७९१ मध्यें वयाच्या ६७ व्या वर्षीं वारला. म्हणजे तो जन्मला तेव्हां बाप नव्वदीच्या घरांत होता असें होतें. म्हातारा दीर्घायुषी होता इतकें मानावें. ऐकीव ग्रहणाला पाहिलेलें ग्रहण करावयास वृद्धपणीं फार श्रम पडत नाहींत.

आतां मूळ प्रश्न. ग्रंथालयावर नांव आहे तें अॅलन रॅमसे या कवीचें. त्याचा जन्म लेडहिल्सचा व बाप तेथील खाणींच्या कारभारांत होता हें खरें. एडिंबरोस त्यानें भाड्यानें पुस्तकें देण्याचें दुकान काढलें हेंही खरें. परंतु तो गांव सोडून गेला तो तरुणपणींच, ग्रंथालय स्थापन झालें त्याच्या सुमारें चाळीस वर्षें आधीं. मोठ्या माणसाचें नांव मागाहून चिकटतें, याचीं उदाहरणें आपल्या देवळांत व घाटांत थोडीं नाहींत. हें पहिलें मत आम्ही सोडून देतों.

दुसरें मत, श्रेय स्टर्लिंगचें. याला वजन आहे. तो विद्वान होता, त्याचें उत्तेजन होतें, व त्यानें दिलेली सहा तासांची पाळी नसती तर वाचण्यास वेळ कोठून येता? शिवाय वाचणारा मजूर दारू कमी पितो हें कोणत्याही कारभाऱ्यास समजतें. तथापि उत्तेजन देणें निराळें व संस्था उभारणें निराळें. आरंभींचे सभासद २३. त्यांत एक धर्मोपदेशक व एक शाळामास्तर वजा केले तर बाकीचे सर्व खाणकरी. अध्यक्ष, कारकून, खजिनदार, पुस्तकांची तपासणी करणारे, हे सभासदांतून निवडलेले; पुस्तकें कोणतीं घ्यावयाचीं तें सभासद ठरविणार. कारभारी मेहेरबान होऊन ग्रंथालय देतो तेव्हां नियम असे होत नाहींत. तेव्हां नियम एकच असतो, तो म्हणजे आभार मानण्याचा. आणि वॉनलॉकहेडकडे पाहावें. तेथें जमीन दुसऱ्या उमरावाची, खाण दुसऱ्या ठेकेदाराची. स्टर्लिंगची तेथें सत्ता नव्हती. तरी सन १७५६ मध्यें तेथील ३२ असामींनीं तशीच संस्था स्थापन केली. त्याच परगण्यांत वेस्टरकर्क येथें सन १७९३ मध्यें सुरम्याच्या, म्हणजे अँटिमनीच्या, खाणींवरील लोकांचें ग्रंथालय निघालें.

म्हणून तिसरें मत, ग्रंथालय खाणकऱ्यांचें, हेंच आम्हांस ग्राह्य वाटतें. आणि त्याचें कारण ठेक्यांच्या वह्यांत आहे. चार असामींनीं एकत्र येऊन, अटी कागदावर घालून, नफातोटा वांटून घेणें हा या लोकांचा रोजचा व्यवहार होता. ज्याला दर वाचतां येत नाहीं, वांवांचा व वजनाचा हिशेब मांडतां येत नाहीं, तो वर्षाअखेर फसावयाचा. ग्रंथालयाचे नियम म्हणजे एक ठेकाच होय: तितकेच भागीदार, तितकीच कडक कलमें, मात्र शिरेच्या जागीं पुस्तकें. त्यांत धर्मविषयक ग्रंथ पुष्कळ होते, इतिहास व प्रवासवर्णनें त्या खालोखाल. सन १८०३ मध्यें वर्डस्वर्थ कवि व त्याची बहीण डॉरोथी या बाजूनें गेलीं असतां वाटेंत भेटलेल्या वॉनलॉकहेडच्या पोरांनीं आपण शाळेंत लॅटिन व ग्रीक काव्यें शिकत असल्याचें सांगितलें, अशी नोंद तिच्या प्रवासवृत्तांत आहे. जन्मभर पोरांकडून रूपावलि घोकवून घेतलेल्या आम्हांस ही नोंद वाचून हेवा वाटला हें कबूल करतों.

शेवटचा भाग थोडक्यांत. स्कॉट्स माइन्स कंपनी व तिची शेजारीण कंपनी यांच्यांत पाण्यावरून दीर्घ कज्जे झाले, व सन १८६१ मध्यें जुनी कंपनी निघून गेली. वॉनलॉकहेडच्या खाणी सन १८४२ पासून सन १९०६ पर्यंत बक्लूच्या ड्यूकनें स्वतः चालविल्या. सन १९०१–०२ मध्यें डोंगरांत आगगाडी आली. तिचा मार्ग १४९८ फुटांपर्यंत चढे. परंतु परदेशांतून स्वस्त शिसें येऊं लागलें होतें. लेडहिल्सच्या खाणी सन १९३० च्या आंत थांबल्या, वॉनलॉकहेडच्या सन १९३४ मध्यें, व आगगाडीही सन १९३८ अखेर बंद झाली. येथें प्रथम सांपडलेल्या खनिजांस लेडहिलाइट, लॅनार्काइट, कॅलिडोनाइट अशीं नांवें पडलीं असून जगांतील पदार्थसंग्रहालयांत त्यांचे स्फटिक आहेत. वॉनलॉकहेड येथें सन १९७४ मध्यें स्थापन झालेल्या न्यासानें खाणींचें संग्रहालय उभारलें असून तेथील जुन्या ग्रंथालयाचीं पुस्तकें त्याच्याच देखरेखीखालीं आहेत. लेडहिल्सच्या ग्रंथालयांत ठेक्यांच्या वह्या पुस्तकांशेजारीं ठेवलेल्या आहेत. जो कागद कंपनीच्या कोठींत लिहिला गेला तो शेवटीं खाणकऱ्यांच्या कपाटांत येऊन राहिला.